नीतीचे पुस्तक घ्यावे की जाबाचे?

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयासाठी पंधरा हजार रुपयांची देणगी पाठवली. पुण्याच्या एका कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकरी करून तो नुकताच निवृत्त झाला आहे. सोबतच्या पत्रात त्याने एकच अट घातली होती. पुस्तके वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी असावीत, पण परीक्षेची गाईडे नसावीत. "व्यवहार कसा करावा हे मुलांना सगळेच शिकवतात. तो नीट कसा करावा, हे सांगणारी दोन-चार पुस्तके घ्या," असे त्याने लिहिले होते. विश्वस्त मंडळाने हे काम माझ्यावर सोपवले. चौतीस वर्षे कीर्द-खतावणी शिकवलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, असे त्यांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांची ही हकीकत आहे.

पुस्तके पाहायला मी हैदराबादला गेलो. बीदरहून सकाळची बस धरली की दुपारच्या आत इमलीबनला उतरता येते आणि तिथून कोठी जवळच आहे. कोठीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तके आणि समोरची नव्या पुस्तकांची दुकाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की तिथे शोधायला गेलेले पुस्तक सोडून बाकी सगळे मिळते. एका दुकानदाराला मी विषय सांगितला. त्याने थोडा विचार केला आणि माझ्यासमोर दोन थप्प्या रचल्या. "सर, ही एथिक्सची आणि ही अकाउंटेबिलिटीची. तुम्हाला कोणती पाहिजे?" मी म्हटले, दोन्ही एकच नव्हेत का? तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. उत्तर मलाच शोधायचे होते.

पहिली थप्पी नीतीची. तिच्यात वर होते मॅन्युएल व्हेलास्क्वेझ यांचे 'बिझनेस एथिक्स : कन्सेप्ट्स अँड केसेस'. १९८२ साली पहिल्यांदा निघालेले हे पुस्तक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत अनेक ठिकाणी लावले जाते. अधिकांचे हित, माणसाचे हक्क, न्याय, आपुलकी अशा कसोट्या तो एकेक करून समजावतो आणि प्रकरणाच्या शेवटी खरी प्रकरणे देऊन विचारतो, तुम्ही असता तर काय केले असते? त्याच थप्पीत ए. सी. फर्नांडो यांचे भारतीय दृष्टिकोनातून लिहिलेले पुस्तक होते. कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्थेत मानवी मूल्यांचे केंद्र उभारणारे प्रा. एस. के. चक्रवर्ती यांचेही होते. त्यांचा भर चित्तशुद्धीवर आहे. व्यवस्थापकाचे मन निर्मळ झाल्याखेरीज कारभार निर्मळ व्हायचा नाही, असे ते सांगतात. कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या घरांना ही भाषा परकी नाही.

दुसरी थप्पी जाबाची. तिच्यात आर. एडवर्ड फ्रीमन यांचे १९८४ चे पुस्तक होते. कंपनीच्या कारभाराचा ज्यांच्यावर परिणाम होतो ते सगळे, म्हणजे कामगार, गिऱ्हाईक, माल पुरवणारे आणि शेजारचे गाव, हेही कंपनीचे संबंधित घटक आहेत, हा विचार त्या पुस्तकाने रुजवला. कॅनडातले कायद्याचे प्राध्यापक जोएल बेकन यांचे २००४ चे 'द कॉर्पोरेशन' होते. कायदा कंपनीला एक 'व्यक्ती' मानतो, तर मग ही व्यक्ती स्वभावाने कशी आहे ते तपासू, असे म्हणून ते तिची वैद्यकीय तपासणीच करतात आणि निदान फार वाईट निघते! शिवाय लेखापरीक्षण, संचालक मंडळ, कंपनी कायदा यांवरचे जाडजूड ग्रंथ होते. त्यांपैकी परदेशी छपाईची दोन घेतली असती, तरी सगळी देणगी संपली असती.

विद्यार्थी मित्रांनो, दोन्ही थप्प्यांतला फरक मला त्या दिवशी दुकानात कळला नाही, परतीच्या बसमध्ये कळला. तोही आपल्या भाषेने सांगितला. आपण 'जबाबदारी' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो, पण त्यात 'जबाब' आहे हे विसरतो. जबाब द्यायचा तर कोणीतरी जाब विचारणारा हवा. नीतीचा प्रश्न माणूस स्वतःला विचारतो. जाब मात्र दुसरा विचारतो आणि तेव्हा उत्तर टाळता येत नाही. म्हणजे एका थप्पीत आरसा होता आणि दुसरीत दप्तर तपासणारा कारकून.

माझा पहिला कल नीतीच्या थप्पीकडे होता. शाळा म्हणजे संस्कार, हे आपले जुने समीकरण. मन चांगले घडले की बाकी सगळे आपोआप होते, असे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेन. पण बस हुमनाबादच्या फाट्यापाशी आली, शेताकडेला उसाने भरलेले ट्रॅक्टर उभे दिसले आणि मला आमचे अण्णा आठवले.

ही १९८० च्या दशकातली गोष्ट. आमचा तीन एकर ऊस होता. अण्णा एका सहकारी साखर कारखान्याचे भागधारक होते. त्या कारखान्याचे नाव इथे घेत नाही, कारण कोणाचे उणेदुणे काढणे हा माझा हेतू नाही. शेअरचे सर्टिफिकेट त्यांनी काच लावून विठोबाच्या तसबिरीशेजारी टांगले होते. "आपण मालक आहोत," असे ते पाहुण्यांना सांगत. वार्षिक सभेला धुतलेले धोतर नेसून जात. व्यासपीठावरून अहवाल वाचल्याचे समजून घ्यावे, असे सांगितले जाई. लगेच पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा गजर होई आणि अण्णाही हात वर करत. येताना सभासदाची साखर घेऊन येत.

एका हंगामात ऊस गेला, वजनपावत्या हातात आल्या, पण बिल आले नाही. महिना गेला, दोन गेले, सात महिने गेले. अण्णा चकरा मारत राहिले. तिथला कारकून स्वभावाने फार भला माणूस होता. तो खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा, "पाटील, मलाही वाईट वाटते हो" असे म्हणायचा. ते खोटे नव्हते. संचालकांपैकी एक तर आमच्या नात्यातले होते, माळकरी होते. त्यांनाही वाईट वाटत होते. सगळ्यांना वाईट वाटत होते आणि बिल मात्र निघत नव्हते. शेवटी बहिणीच्या लग्नाची तीथ पुढे ढकलली, बैलजोडी उदगीरच्या बाजारात विकली आणि माझे पदवीचे एक वर्ष वाया गेले.

पुढे मी शिक्षक झालो आणि एका कायद्याच्या पुस्तकात १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश वाचला. त्यात स्पष्ट तरतूद होती. करार वेगळा नसेल तर ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यावे. आमच्या त्या हंगामातही हा आदेश लागू होता. अण्णांना तो ठाऊक नव्हता आणि गावात कोणालाच नव्हता. चहा मिळत होता तोवर व्याज मागायचे असते, हे सुचलेही नाही. पुस्तक वाचून मी घरी सांगितले तेव्हा अण्णा थकले होते. ते एवढेच म्हणाले, "बाळा, हे तेव्हा कोणी वाचून दाखवायला पाहिजे होते." ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. देणगीचे पुस्तक निवडताना माझ्यासमोर हाच प्रश्न होता. आपल्या शाळेतल्या कुठल्या घरात आज कोणी वाचून दाखवणारा नाही?

म्हणून मी ठरवून टाकले की नीतीची थप्पी परत आणि जाबाची घ्यायची. तसे अध्यक्षांना कळवायलाही निघालो होतो. पण आपल्या या मातीतल्याच जुन्या गोष्टी आड आल्या.

आपला भाग सीमेवरचा, मागासलेला असे आपण म्हणतो. पण व्यवहार आणि नीती यांचा झगडा इथे जितका जुना आहे तितका क्वचितच कुठे असेल. कल्याणचे महात्मा बसवेश्वर बाराव्या शतकात बिज्जळ राजाचे भांडारी होते. त्यांनी खजिन्याचा पैसा जंगमांवर उधळला अशी चहाडी झाली आणि मोजदाद केली तेव्हा ताळा बरोबर जुळला, अशी कथा आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बीदरच्या बहामनी बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली केली. बीदरहून जाब आला, तेव्हा खुद्द विठोबा विठू महार होऊन बीदरच्या दरबारात आला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन गेला, ही कथा आपण सर्वांनी आजीकडून ऐकली आहे.

कथा ऐकताना डोळ्यांत पाणी येते. पण हिशेबाच्या शिक्षकाला त्यात एक टोचणारा प्रश्नही दिसतो. धान्य दामाजीपंतांचे नव्हते. दुसऱ्याच्या मालातून पुण्य करता येते का? अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत नेमका हाच प्रश्न विचारला. कंपनीचा व्यवस्थापक समाजकार्यावर खर्च करतो तेव्हा तो स्वतःचे पैसे देत नाही, भागधारकांचे देतो. त्याने नियम पाळून नफा मिळवावा आणि दानधर्म ज्याचा त्याने करावा, असे त्यांचे म्हणणे. याला जाबाच्या थप्पीतले फ्रीमन उत्तर देतात की कोठार भरले ते ज्यांच्या घामाने, त्या रयतेचाही त्यात वाटा आहे.

या वादात मला देहूचे तुकोबा फार जवळचे वाटतात, कारण ते स्वतः वाणी होते. घराण्याची सावकारी होती. कर्जखते इंद्रायणीत बुडवायची असे त्यांनी ठरवले, तेव्हा भावाने, कान्होबांनी, आपली वाटणी मागितली. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, भावाचा भाग भावाला दिला आणि स्वतःचा भाग तेवढा पाण्यात सोडला, असे चरित्रकार सांगतात. पुण्याच्या आधी त्यांनी वाटणीचा हिशेब केला. त्याग केला तो आपल्या हिश्श्याचा. हा प्रसंग मी आतापर्यंत भक्तीचा म्हणून सांगत होतो. यापुढे लेखाकर्माच्या तासालाही सांगणार आहे.

आणि बीदरमध्ये राहून महमूद गावानला विसरून कसे चालेल? इराणातून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा आपण दर सहलीला पाहतो. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. शत्रूंनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, वर राजद्रोहाचे पत्र लिहिले आणि बादशहासमोर ठेवले. बादशहाने चौकशी न करता १४८१ साली त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करवला. मागाहून त्याचा खजिना तपासला, तर त्यात फारसे काही निघाले नाही. स्वतःचा खर्च तो स्वतःच्या व्यापारातून भागवत असे, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो.

गावानजवळ नीती होती, याबद्दल वाद नाही. पण शिक्का एकाच माणसाच्या हाती होता, दुसरी सही लागत नव्हती, आणि आरोप झाल्यावर बाजू ऐकून घेणारी व्यवस्थाच नव्हती. त्याच्या सचोटीला आधार देणारी कागदपत्रे निघाली ती त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे जाबाची नीट पद्धत फक्त चोराला पकडण्यासाठी नसते, ती सज्जनाला वाचवण्यासाठीही असते. हे मला गावानने शिकवले.

उलटी बाजूही आहे. ती आपल्याला जवळच्या हैदराबादने दाखवली. सत्यम कंपनीकडे जाबाची सगळी साधने होती. प्रसिद्ध लेखापरीक्षक होते, संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, २००८ साली उत्तम कारभाराचे पारितोषिकही मिळाले होते. आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक मुळात अस्तित्वातच नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले तेव्हा हैदराबादला संगणकाचे शिक्षण घेत होती. त्यांच्या घरी त्या आठवड्यात काय वातावरण होते ते पालकांना आठवत असेल. कागद सगळे होते, सह्या होत्या, शिक्के होते. नव्हते ते एवढेच, की बँकेची शिल्लक खरोखर आहे का, हे नेटाने विचारून पाहणारे मन. साधने असून ती वापरण्याची नीती नसेल तर जाबही "मंजूर, मंजूर" होऊन जातो.

त्यानंतर २०१३ चा नवा कंपनी कायदा आला. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी, असे त्याच्या १३५ व्या कलमात आले. चांगली गोष्ट आहे. शाळांना बाके मिळतात, गावांना पाण्याच्या टाक्या मिळतात. पण मुलांनी दोन टक्क्यांचा फलक वाचताना उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दलही विचारावे. नफा कसा खर्च केला, हा दानाचा प्रश्न झाला. कसा मिळवला, हा जाबाचा.

आता माझीच एक चूक सांगतो, कारण निवड शेवटी तिच्यामुळे झाली. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थी भांडार चालवत होतो. वह्या, पेने, कंपासपेट्या असा माल. वर्षाअखेरीस ३४० रुपयांची तूट आली. मुलांवर आळ नको, म्हणून मी गुपचूप आपल्या खिशातले पैसे गल्ल्यात टाकले आणि हिशेब जुळवला. मनात जरासे समाधानही वाटले. साठ्याची वही ठेवणारी नववीतली मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आली. "सर, माल आणि पैसे जुळत नव्हते. आज जुळले. कसे?" मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "पण सर, मग चूक कुठे होती ते आता कधीच कळणार नाही."

मला उत्तर सुचले नाही. मी विठोबा व्हायला गेलो होतो आणि तिला पावती हवी होती! आम्ही दोघांनी पुन्हा सगळ्या पावत्या काढल्या, तेव्हा कळले की वह्यांचा एक गठ्ठा दुकानदाराकडून आलाच नव्हता आणि मी न मोजता सही केली होती. चोर कोणीच नव्हते, पण निष्काळजी होतो तो मी. माझ्या चांगुलपणाने माझीच चूक झाकली जात होती. नीती आणि जाब यांतले अंतर मला एवढे स्पष्ट कुठल्याही ग्रंथाने दाखवले नसते.

म्हणून शेवटी दोन्ही थप्प्यांतून थोडे थोडे घेतले. फर्नांडो यांचे पुस्तक घेतले, कारण त्यातली उदाहरणे आपल्या देशातली आहेत आणि इंग्रजी पदवीपूर्वच्या मुलांना झेपेल असे आहे. व्हेलास्क्वेझ यांची जुनी आवृत्ती फुटपाथवर स्वस्तात मिळाली, तिच्या कसोट्या काही जुन्या होत नाहीत. बेकन घेतले, कारण ते गोष्टीसारखे वाचता येते. पण मुलांनी त्यातले निदान तपासून मगच मान्य करावे. फ्रीमन तूर्त ठेवले, ते पदवीच्या वर्गाला अधिक उपयोगी. चक्रवर्ती यांच्या पुस्तकाची प्रत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून वाचायला आणता येईल. आणि सगळ्यांत स्वस्त, पातळ पुस्तिका घेतल्या त्या कायद्यांच्या: कंपनी कायदा, ग्राहक संरक्षण कायदा आणि ऊस नियंत्रण आदेश. दुकानदाराला त्याचे नवल वाटले. मला त्या घेताना अण्णांचा चेहरा दिसत होता.

ही पुस्तके मराठीत नाहीत, ही अडचण आहेच. शाळेत मराठी, बाहेर कानडी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी आपल्या मुलांची तिहेरी कसरत असते. त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास आम्ही एकत्र वाचतो. जो प्रकरण वाचेल त्याने त्याचा सारांश मराठीत वहीत लिहायचा आणि शेवटी एक प्रश्न लिहायचा. आतापर्यंत सात सारांश झाले आहेत. पालकांपैकी ज्यांना ऊसबिल, पीकविमा किंवा बँकेचा कागद समजून घ्यायचा असेल त्यांनी या तासाला जरूर यावे. मुले वाचून दाखवतील.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती आहे. मुलांना जाबाची पुस्तके द्यायची, तर सुरुवात आपल्या घरापासून व्हावी. संस्थेचा वार्षिक जमाखर्च सभेत वाचल्याचे समजून न घेता तो सूचनाफलकावर लागावा. या देणगीचा हिशेब मी पावत्यांसह ग्रंथालयाच्या दारावर लावला आहे. उरलेली रक्कम कार्यालयात जमा केली आहे.

तो हिशेब लावून दोन दिवस झाले असतील, तोच दहावीतला एक मुलगा आला. "सर, परतीचे बसभाडे दोनदा लागले आहे." पाहिले तर खरेच लागले होते. मी दुरुस्ती केली, बाजूला सही केली आणि तेवढे पैसे भरून त्याची पावती घेतली. देणगीदाराला हे सर्व पत्राने कळवले आहे. त्याचे उत्तर आले, ते दोनच ओळींचे होते. पुस्तके पोचली हे वाचून आनंद झाला, असे त्याने लिहिले होते, आणि तो मुलगा पदवीला गेला की त्याच्या पुस्तकांचा खर्च आपण करू, असेही.